वेल्डा व्होथ सॉफ्टवेअर निवडते

त्या फेब्रुवारीत वेल्डा व्होथ मला दिवसातून चार-चार फोन करायची आणि विषय एकच: गोधडीचं डिझाइन करायला कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. सकाळी सात म्हणू नका, जेवणाची वेळ म्हणू नका. "आर्डिस, पहिल्यात रंग छान दिसतात गं, पण नक्षीतला तारा फिरवायला गेलं की किनारच हलते. काय करू?" मी काय सांगणार, कपाळ? मला साधा ईमेल उघडताना घाम फुटतो.

वेल्डा एकोणसत्तरची. सव्वीस वर्षं तिनं आमच्या गावात शाळेची बस चालवली, कॅन्ससच्या वाऱ्यात आणि बर्फात, आणि एकदाही उशीर केला नाही. उशीर करणाऱ्या पोरांना मात्र बसमागे पळायला लावलं. स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नाही. जेवताना दोनदा उठेल, प्रार्थना चालू असताना पाय हलवेल. ती एका जागी बसायची फक्त मंगळवारी, चर्चच्या तळघरात, गोधडीच्या चौकटीपाशी. आम्ही दहा-बाराजणी चौकटीभोवती बसून ताणलेल्या कापडावर हातानं टाके घालतो. त्या गोधड्या एप्रिलच्या लिलावात जातात आणि पैसा परदेशातल्या उपाशी लोकांना. इंचाला दहा टाके घालणाऱ्या बाईला आमच्यात तरबेज समजतात. वेल्डा बारा घालायची.

आता आमची एक पद्धत सांगते, आणि ती सांगताना मला काही आनंद होत नाही. एखादीचा हात बिघडला, टाके लांबट पडायला लागले, तर तिला कुणी बोलत नाही. तोंडावर बोलणं आमच्यात वाईट दिसतं. ती घरी गेली की मागे थांबलेल्या दोघी तिचे टाके गुपचूप उसवतात आणि पुन्हा घालतात. पुढच्या मंगळवारी ती येते, आपलं काम बघते आणि खूश होते. लोरीन आमच्या मंडळाची प्रमुख. तिची आई हुल्डा शेवटची सहा वर्षं अशीच खूश होती. तिचे टाके उसवायची वेल्डा.

नाताळनंतर वेल्डाचा अंगठा संधिवातानं सुजला आणि तिचे टाके इंचाला पाच-सहावर आले. उसवायला लोरीन आणि मी. तिला काही कळलेलं नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आणि जानेवारी संपता संपता तिनं जाहीर केलं, "यंदाच्या लिलावाच्या पुढच्या गोधडीचं डिझाइन मी करणार. कॉम्प्युटरवर." हिला कळलं की काय? चौकटीपाशी आपली जागा गेली म्हणून ही दुसरी शोधतेय का? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सांगावंही लागलं असतं.

शेवटी फोनला कंटाळून मी तिच्या घरी गेले. तिनं तीन प्रोग्राम पंधरा-पंधरा दिवस फुकट वापरायला घेतले होते. तिन्हींवर तोच आठ टोकांचा तारा काढायचा, छापायचा, तपासायचा. ओट्यावर कॉफी तापवायची, प्यायची नाही, परत तापवायची. खुर्चीत तीन मिनिटं टेकली तर शपथ.

"गाई विकल्या तेव्हा हिनं दहा मिनिटं विचार केला," तिचा नवरा डेल्बर्ट पेपराआडून म्हणाला. "माझ्याशी लग्न करताना तेवढाही नाही."

"तुझ्यात निवडायला होतं काय?" वेल्डा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

पहिल्यात सहा हजार तयार नमुने होते. "मला सहा हजार काय करायचेत? मला माझा एक हवाय." तिसऱ्याच्या व्हिडिओत शिकवणारा माणूस इतका रेंगाळत बोलायचा की ती त्याच्यावर खेकसायची. दुसरा तिला आवडत होता. पण छापलेल्या कागदावर मापासाठी एक इंचाचा चौकोन असतो, त्यावर तिनं पट्टी ठेवली आणि तो किंचित कमी भरला. झालं! "साधा एक इंच धड देता येत नाही यांना!" मंगळवारी तिनं तळघरात त्या प्रोग्रामचा असा उद्धार केला की लोरीननं कानांवर हात ठेवले.

चार दिवसांनी तिसऱ्याचाही इंच कमी भरला, आणि अगदी तेवढाच. मग पहिल्याचाही. वेल्डा दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होती, असं डेल्बर्ट सांगत होता. तीन परके प्रोग्राम एकाच मापानं खोटं बोलतील कसे? संध्याकाळी सापडलं. तिच्या प्रिंटरनं पान कागदावर मावावं म्हणून सगळंच थोडं बारीक केलं होतं, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तशी खूण तिनंच कधीतरी करून ठेवली होती.

पुढच्या मंगळवारी कॉफीच्या वेळी ती उभी राहिली. "मागच्या खेपेला मी त्या प्रोग्रामला शिव्या घातल्या. चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर मागे घेते."

"अगं, कॉम्प्युटरची कुणी माफी मागतं का?" लोरीन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आणि त्याच दिवशी, ती गेल्यावर, मी आणि लोरीननं तिचे टाके उसवले. मला माझीच लाज वाटली, पण हात चालवायचा मी थांबवला नाही.

गुरुवारी तिनं बोलावलं. दुसरा प्रोग्राम तिनं विकत घेतला होता. "बस. एक गंमत दाखवते." तिनं ताऱ्यात एक लाल तुकडा ठेवला, मुद्दाम चुकीच्या जागी. एक बटण दाबलं, तुकडा गायब. पुन्हा ठेवला, पुन्हा गायब.

"याच्यात मला सगळ्यांत काय आवडलं सांगू? हे बटण. चुकलं की उसवतं. आणि माझ्यासमोर उसवतं."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. "वेल्डा..."

"हुल्डाचे मी सहा वर्षं उसवले, आर्डिस. जुनी भोकं कापडात दिसतात, हे मला ठाऊक नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. आठ मंगळवार झाले."

मला रडूच कोसळलं. तिनं समजूत घातली नाही, ती नुसता स्क्रीनवरचा तारा इकडून तिकडे सरकवत राहिली. मग मी आणखी मूर्खपणा केला. म्हटलं, "आता डिझाइन तू कर. टाके घालायचा त्रास तरी कशाला घेतेस?"

ती ताडकन उठली. "हे इथं एकटीनं बसून करायचं असतं, बाई. एकटीनं बसायचं असतं तर बस कशाला चालवली असती मी? चौकटीवरची माझी जागा मी सोडणार नाही."

मार्चमध्ये तिचा तारा चौकटीवर चढला. सुंदर होता, हे लोरीनलाही कबूल करावं लागलं. वेल्डा आपल्या जागी बसली आणि दिवसभर टाके घालत राहिली. लांबट, वाकडे. आम्ही सगळ्या दुसरीकडे बघत होतो. साडेतीनला बायका कोट चढवायला लागल्या. वेल्डा उठली नाही. तिनं छोटी कात्री कापडावरून माझ्याकडे सरकवली.

"घे. उसव."

लोरीनचा एक हात कोटात, एक बाहेर. "आत्ता?"

"मग कधी? मी घरी गेल्यावर?"

मी खाली बसले आणि पहिला टाका कापला, मग दुसरा. वेल्डा चष्मा पुढे ओढून बघत होती. लोरीननं कोट काढून ठेवला आणि माझ्या शेजारी बसली.

"थांब," वेल्डा म्हणाली. "तो राहू दे. तो बरा आहे."

लोरीन वाकली, मी वाकले. टाका खरंच बरा होता. तो आम्ही ठेवला.