ओल्या हातांवरचा आळ

एक ओळ लिहायला मी विसरलो, आणि त्याचा दोष एका बाईच्या ओल्या हातांवर ढकलला. झालं, सांगून टाकलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आणि माझ्या फजित्या ऐकून खो-खो हसणाऱ्या मित्रांना तर नाहीच. त्यांना मी उलटा स्वेटर घालून मुलाखतीला गेल्याची गोष्ट सांगतो. ते हसतात, माझंही भागतं. हिच्यात मात्र हसू काही भरता येत नाही. भरून पाहिलंय.

२००४च्या आसपासची गोष्ट. मी परभणीचा, राहायला आयटी पार्कालगतच्या माण गावात. आयटी पार्कात जमीन गेल्यावर मालकांनी गोठ्यावरच तीन मजले चढवले होते — खाली म्हैस, वर आम्ही. म्हशीला नाव होतं, आम्हाला खोली नंबर. खोलीत चार खाटा, पण बाकी तिघांच्या पाळ्या अशा की मी जागा असताना ते झोपलेले, नाहीतर बाहेर. रविवारी दुपारी मी म्हशीशी बोलायचो. (हे कबुलीत धरू नका, ही नुसती माहिती.)

आमची कंपनी लहान. दूध संकलन केंद्रांसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि पहिलं केंद्र मिळालं माले गावचं. त्या प्रोग्रॅमच्या पोटात मी दुसऱ्या एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तिच्यातल्या ओळी वाचून अमलात आणणारा दुभाषा, बसवला होता — दूध संघानं नियम बदलला की गावातच दोन ओळी बदलता याव्यात, मला मोटरसायकल हाणत जायला लागू नये म्हणून. आळशी माणसाची हुशारी! प्रोग्रॅममध्ये थ्रेड दोन, म्हणजे एकाच वेळी राबणारे दोन गडी. एक वजनकाट्याकडे कान लावून बसलेला, दुसरा दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनकडे. दोघांनाही काम पडलं की त्या इंटरप्रिटरकडेच जायचं. त्याची अट एकच — एका वेळी एकानंच आत यायचं, नाहीतर तो कोलमडायचा; येताना कुलूप लावायचं, जाताना काढायचं. काट्याच्या थ्रेडमध्ये मी कुलूप लिहिलं. फॅटच्या थ्रेडमध्ये विसरलो.

केंद्रावर कॉम्प्युटरला बसायच्या सुमनताई. गावची सून, दहावी पास. त्या खुर्चीचं त्यांच्या घरात केवढं कौतुक! त्यांच्या सासूबाई मुद्दाम स्वतः दूध घालायला यायच्या, आणि रांगेत कुणी विचारो न विचारो, "आमची सून कम्प्युटरवर बसती" म्हणून सांगायच्या.

मग प्रोग्रॅम बंद पडायला लागला. ऐन गर्दीत. पडायचाही कसा — आज एका जागी, उद्या भलतीकडेच, आणि जिथं पडायचा तिथं चूक नसायची. मी विजेच्या दाबावर संशय घेतला. उंदरांवर घेतला. केंद्राच्या सचिवांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली, तर दोन दिवस सुरळीत चाललं. मनातल्या मनात मी श्रेय लिंबाला दिलं. कंपनीतला काटा आणि मशीन खोलीवर आणून पुन्हा पुन्हा चालवून पाहायचो — काट्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा, तो उतरवायचा, मग मशीनला नमुना लावायचा. कधी म्हणून पडला नाही. पडणार कसा? दोन कामं एकाच क्षणी व्हायला दोन माणसं लागतात. आणि माझ्याकडे दुसरं माणूस कुठं होतं?

सुमनताईंनी मला एक शाळेची वही दिली होती. "सायेब, बंद पडलं की मी लिवून ठिवलंय. बगा, काय उपेग व्हतोय का." मी ती पिशवीत टाकली. वाचली नाही. दहावी पास बाई मला काय सांगणार — असं मी म्हणालो नाही. पण वाचली नाही, म्हणजे तेच की.

पुढच्या खेपेला सचिव वैतागले. रांग लागलेली, दूध तापायला लागलेलं, लोक शिव्या देतायत.  समोर सुमनताई नमुना काढून तशाच ओल्या हातानं कीबोर्डच्या कळा दाबत होत्या. आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो! — "ओले हात लागले की असं होतं."

खरंच होतं का? नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर सचिवांची सून, आणि सुमनताई मागच्या नळावर कॅन धुवायला. त्यांच्या सासूबाई दूध घालायला यायच्या बंद झाल्या.

प्रोग्रॅम मात्र पडतच राहिला. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून मी ती वही काढली. अकरा नोंदी. सगळ्या जवळजवळ सारख्याच — "काट्यावर पुढच्याचा कॅन, मशिनीत मागच्याचा नमुना. काट्याचा नि मशिनीचा, दोन्ही दिवे एकदम लागले. बंद." कुलूप कुठं नाही ते मला तिसऱ्या नोंदीलाच कळलं. राहिलेल्या आठ मी का वाचल्या, कुणास ठाऊक. खाली म्हैस रवंथ करत होती. ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि लगेच कळलं — हे सांगण्यासारखं नाही. ऑफिसात नोंद केली, "किरकोळ सुधारणा". ती वही अजून माझ्या कपाटात आहे. परत दिली नाही. खुर्चीही त्यांना परत मिळाली नाही.

सोमवारी घोटवड्यावरून, पौडवरून मालेला गेलो. संध्याकाळची गर्दी होती. नवा प्रोग्रॅम टाकला. दोन्ही दिवे एकदम लागत होते आणि काम चालू होतं. सचिव खूश. मग भरल्या रांगेसमोर त्यांनी विचारलं, "म्हंजे त्या बाईच्या वल्या हातांनीच बिघडलं व्हतं ना?"

मी हो म्हणालो.

नळाचा आवाज थांबला. सुमनताई आत आल्या. कुणाकडे न बघता सरळ कॉम्प्युटरपाशी गेल्या, आणि कोपरापर्यंत निथळणारा हात त्यांनी कळांवर ठेवला. दाबल्या चार-पाच. पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं. काट्यावर कॅन, मशीनमध्ये नमुना, दोन्ही दिवे लागलेले. प्रोग्रॅम चालू. 

मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"तुमच्यापरीस तुमचं मशीन बरं, सायेब," त्या म्हणाल्या. "चुकलं की गप बंद तरी पडत व्हतं."