पान एकोणीस कोणाच्या नावावर?

सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि भाषांतरकार बाई एकाच ओळीवर चौथ्यांदा अडल्या होत्या. बिस्किटांच्या कारखान्यातल्या एका यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची होती. दुपारी बाराला छपाई. पुस्तिकेत 'रन' हे क्रियापद एकतीस वेळा. कुठे यंत्र चालू करा, कुठे नळीतून पाणी सोडा, आणि पान एकोणीसवर, बिस्किटं वाहणाऱ्या पट्ट्यावरून फडकं फिरवा. पण कंपनीने या शब्दाला एकच स्पॅनिश शब्द ठरवून शब्दांच्या यादीला संगणकात कुलूप घातलं होतं. बाईंनी 'फिरवा' लिहिलं की संगणक ते पुसून 'चालू करा' घालायचा.

"म्हणजे फडकं हातात धरून पट्टा चालू करायचा?" बाईंची कुरकुर ऐकून शेजारी भाजी निवडत बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं. चौतीस वर्षं फिटर होते ते. "सूनबाई, आधी बोटं मोजून ठेवा म्हणावं."

बाईंनी कंपनीच्या तपासनिसाला फोन लावला. यादीची किल्ली त्याच्याकडे, म्हणून ऑफिसात त्याला कुलूपभाऊ म्हणत.

"ताई, सगळीकडे एकसारखं दिसायला हवं ना."

"दिसायला? अहो, वाचणाऱ्याचा हात जाईल यंत्रात!"

"यादी वरून मंजूर झालीय."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"नाही. पण यादी येते."

बाईंनी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? त्यांनी पान एकोणीस मुकाट्याने यादीप्रमाणे केलं, तळाशी लिहिलं, 'हा मजकूर पुढील व्यक्तीच्या आग्रहावरून', आणि खाली त्याचं पूर्ण नाव. तेवढंच पान त्याला पाठवलं.

चार मिनिटांत फोन वाजला.

"माझं नाव कशाला घातलंत?"

"मग माझं घालू? मी तर नको म्हणत होते."

मग तो म्हणाला, "कुलूप किती वेळ उघडं ठेवू?"

"एकतीस जागा बघायच्यात. दोन तास तरी."

"दीड."

"भाजीबाजारात आलोय का आपण?"

सासरे खोकल्यासारखं हसले. कुलूप निघालं. बाईंनी ओळ न् ओळ पुन्हा तपासली, ते नाव काढलं आणि अकरा वाजून बावीस मिनिटांनी फाईल पाठवली. आभाराचा निरोप आला नाही. यादीला पुन्हा कुलूप लागल्याचा मात्र लगेच आला.

उद्या सकाळी साडेसहाला, पहिली पाळी लागण्याआधी, स्पॅनिश बोलणारे चौदा कामगार पान एकोणीस वाचून तो पट्टा पुसतील.