छताला लावलेली एकच कडी

मी आठवीपर्यंतच शिकली. पण माझ्या पोरीनं तीन महिन्यांत जे शिकवलं ते शाळेत नाही शिकवत. भूक लागली तं मूठ तोंडात, पोट दुखलं तं पाय वर, नुसतंच कडेवर यायचं असलं तं रडता रडता थांबून पाहणार, कोणी येते का. मग मी मोठ्यांकडेही तसंच पाहायला लागली. तोंड काय म्हणते ते सोडून द्यायचं, हात काय करून राहिले ते पाहायचं.

आणि तेव्हापासूनच भीती भरली.

माझ्या नणंदेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. मी तिला दीदी म्हणते. शहर एकच, पण ती गोहलपुरला, आम्ही महाराजपुरला, तरी पोरगी झाल्यावर रोज ऑटोनं यायची. "कोणत्या कुशीवर झोपते गं? तेल कोणतं लावते?" मी म्हटलं, असेल माया. मग एक दिवस सासू बाटली घेऊन आली. "आतापासून सवय लाव. अंगावरच राहिली तं पुढे त्रास होईल." कोणाला त्रास, आई? विचारायची हिंमत नाही झाली. मला दूध एवढं यायचं की पदर भिजायचा, मग ही बाटली काहून?

नवरा फॅक्टरीतून येऊन जेवत होता, त्याला सांगितलं. "तुझा वहम आहे," म्हणाला. "दोघी जीव लावतात, तुला तेही पाहवत नाही."

मग दीदीकडे हळदीकुंकू होतं. पोरीला पाजायला मी मागच्या खोलीत बसली, वर पाहिलं, तं छताला कडी. नवी, भोवतीचं सिमेंट अजून ओलं. खालचा पलंग सरकवून जागा केलेली.

"दीदी, हे काय?"

"झोपाळा लावणार आहो गं."

झोपाळ्याला दोन कड्या लागतात. एका कडीला पाळणा लागतो. येताना ऑटोत मी पोरीला इतकी आवळून धरली की ती रडायला लागली.

पोरगी अशक्त होती म्हणून बारसं तिसऱ्या महिन्यात ठरलं. आदल्या दिवशी सासू गहू निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बारसं झालं की चार दिवस पोरगी दीदीकडे राहू दे. तुलाही आराम." चार दिवस म्हणताना हात थांबले होते तिचे. मी समजली. ते चार दिवस संपणार नव्हते.

आमच्यात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला बाळासारखं नटवतात. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, एक देते, एक घेते. मग खरं बाळ. मग आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. वरवंटा नटवायचं काम मी मागून घेतलं. पोरीचंच टोपडं घातलं, तीटसुद्धा लावली. घर बायकांनी भरलं होतं. दीदी समोरून हात पसरून उभी. मी वरवंटा तिच्या हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"घ्या दीदी. हा तुमचा. घरी न्या, कडी तं लावलीच आहे."

एक बाई हसली, मग तिनं तोंडाला पदर लावला. शेजारच्या चाची म्हणाल्या, "अरे बहू, कैसी बात करती है!"

दीदीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं सासूकडे पाहिलं. बस, तेवढंच मला पाहिजे होतं. चोरी पकडली गेली की माणूस आधी साथीदाराकडे पाहते.

"जीभ झडेल तुझी!" सासू ओरडली.

"झडू द्या आई. पोरगी तं राहील."

खोटं काहून सांगू, लय बरं वाटलं. दीदीला कुठे दुखते ते मला माहीत होतं, तिथंच मारलं.

वाटलं, ती वरवंटा आपटून जाईल. तिनं तो छातीशी धरला. टोपडं सारखं केलं. कान असतो तिथं तोंड नेऊन कुर्र केलं, काही नाव सांगितलं, कोणालाच ऐकू नाही आलं. आणि तसाच घेऊन ऑटोत बसली.

पोरीच्या कानात नाव मग मीच सांगितलं.

आता चटणी मिक्सरमध्ये करतो. वरवंटा परत आण असं कोणी म्हणत नाही. सासू बोलत नाही, झाकणं आपटते, ते मला बरोबर समजते. माफी मागायला मी जाणार नाही. पण परवा नवरा दीदीकडे जाऊन आला, म्हणे कडीला झोळी बांधली आहे, दीदी बाजूला बसून झोका देऊन राहिली होती.

"झोळीत काय आहे?"

"पाहिलं नाही. बोलू नको म्हणाली, झोपलं आहे."

तिच्या मनात आता काय आहे, ते मला समजत नाही. पोरगी सात महिन्यांची झाली, रांगायला पाहते, पण मी तिला खाली ठेवत नाही.