ओढ्याकाठची रुई

सोलापुरातल्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम असलेल्या जोतीरामच्या दोन्ही बायका बाळंतपणात गेल्या. १९३१च्या वैशाखात करकंबच्या सोनाबाईशी त्याचं लग्न झालं. तिसरी बायको जगत नाही म्हणतात, म्हणून वेणीमाधवभटांनी आदल्या दिवशी त्याचं लग्न ओढ्याकाठच्या रुईशी लावलं. रुई तिसरी, सोनाबाई चौथी. नंतर रुई तोडायची, म्हणजे तिसरीचं मरण रुईवर जातं.

सोनाबाईचा भाऊ गुंडा शिकलेला, सभांना जाणारा. "लग्नाचं वय आता कायदा ठरवतोय, आन आमचे दाजी झुडपाला अक्षता टाकत्यात!" मांडवात सगळे हसले.

दिवाळीनंतर सोनाबाईला दिवस गेले. ओढ्यावर धुणं धुताना शेजारची गुरम्मा म्हणाली, "तुजी सवत लई माजलीय गं. फुलंबी आलीत की."

रुई तोडलेलीच नव्हती.

"ऱ्हायलं," जोतीराम म्हणाला.

"ऱ्हायलं कसं? तिच्या जागी मी जायाची."

त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "दोघींला ह्याच हातानं अग्नी दिला. हिलाबी हळद मीच लावली. हात उचलंना माजा."

सोनाबाई भटांकडे गेली. "शास्त्रात तोडा असं म्हटलेलं नाही. लोक तोडतात," ते म्हणाले, आणि आत गेले. तिने गुंडाला गाठलं.

"अगं, झुडूप हाय ते!"

"मग तू तोड की."

गुंडा या वेळी हसला नाही. ओढ्यावर गेलाही नाही.

सातवा लागल्यावर ती स्वतः कोयता घेऊन निघाली. रुईच्या बुंध्याला कुंकू होतं, ताजं. तिने खाली बसून घाव घातले. पांढरा चीक कोपरापर्यंत ओघळला.

जोतीराम कामावरून आला, तोडलेली रुई पाहिली. डोक्यावरून पाणी घेतलं आणि दहा दिवस सुतक पाळलं. गिरणीला खाडे केले, ओसरीत निजला. सोनाबाई आतून त्याचं खोकणं ऐकत राहिली.

श्रावणात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना त्या दिवशी पान वाढतात. ओल्या बाळंतिणीने चुलीपुढे बसून पुरण घातलं आणि दोन पानं वाढली. जोतीरामने हात जोडले नाहीत.

"आजून एक वाढ," तो म्हणाला.

सोनाबाईने पाळण्यातली मुलगी उचलून गुरम्माकडे नेऊन दिली. "पानं उठेस्तवर हिला हितंच ऱ्हाऊ दे." मग परत येऊन तिसरं पान मांडलं.