न पाहिलेला पिक्चर

तुमसरहून बपेऱ्याला जाणाऱ्या एसटीत शेजारचे साठीचे शेतकरी पिशवीवर बोटांनी ताल धरून एक धून गुणगुणत होते. मी चमकलोच. एका परदेशी रॉक बँडनं जुन्या सिनेमाला दिलेलं ते संगीत इथं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असेल, असं वाटलं नव्हतं. मी पुढचा तुकडा गुणगुणलो. त्यांनी आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"कॉलेजात कॅसेट भेटली होती, भाऊ. पिक्चर नाही पाहिला."

"मी पाहिलाय. शेवटी तो..."

त्यांनी कानांवर हात ठेवले. "सांगू नका! चाळीस वर्षांपासून मी माह्या मनातला पिक्चर पाहून राहिलो. त्यात आमचा तलाव हाये, धानाचे बांध हायेत."

उतरल्यावर ते खिडकीशी आले. हसून म्हणाले, "तुमीबी विसरून जा तो पिक्चर."

मी प्रयत्न करतोय.