एकाआड एक ओळ

मुकादमीण हात उचलायला मागेपुढे पाहत नसे. कोवळ्या रोपांत बकऱ्या घालणाऱ्या एका मेंढपाळाला तिने पहारीच्या दांड्याने बडवलं होतं. रोपांची मुळं उन्हात उघडी टाकणाऱ्या मजुराच्या तर कानाखालीच आवाज काढला होता. पण वस्तीवर चालून येणारी वाळू अडवली ती तिच्या टोळीने लावलेल्या झाडांनी, म्हणून लोक तिचं सगळं खपवून घेत.

टोळीत तिचा धाकटा भाऊही होता. त्याला बायको नाही, पोर नाही. झाडांच्या त्या पट्ट्यातलं झाड न् झाड त्याने खांद्यावरून पाणी वाहून जगवलेलं.

झाडं उंच झाली आणि एका उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागली. विहिरीने तळ दाखवला. वनखात्याच्या कार्यालयातून जलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी आणि मुकादमिणीने पट्ट्याच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा घेतला, तर माती राखेसारखी कोरडी. बाहेर उघड्या माळावर मात्र हातभर खणताच ओल लागली.

"इथे पडणाऱ्या पावसापेक्षा ही झाडं जास्त पितात," बाई म्हणाल्या. "आजवर जमिनीत मुरलेल्या पाण्यावर निभावलं, ते आता संपलं. एकाआड एक ओळ काढा आणि मधे बुटकी झुडपं, गवत लावा. नाहीतर सगळीच जातील."

मुकादमिणीला ते पटलं. पटलं म्हणूनच तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तोडीच्या सकाळी भाऊ पहिल्या ओळीपुढे फावडं घेऊन उभा. त्याच्यामागे अर्धी वस्ती.

"ताई, आधी मला तोड."

"बाजूला हो. अर्धी काढली तर अर्धी जगतील."

"कुठली पोरं मारायची ते तू ठरवणार होय?"

तिने त्याच्या शेजारच्या बुंध्यात कुऱ्हाड घातली. त्यासरशी गर्दीतून दगड सुटले. जलतज्ज्ञ बाईंच्या जीपची काच फुटली, त्यांच्या कपाळाला खोक पडली. बहीण तिकडे वळली तेवढ्यात भावाचं फावडं तिच्या तोंडावर बसलं. दोन दात रक्तासकट वाळूत पडले. जबडा एका बाजूला लटकला. तिला दिसत होतं ते फक्त लालभडक. तिने कुऱ्हाड उलटी करून तिच्या बोथट बाजूने त्याच्या कोपरावर घाव घातला. हाड कातडीतून बाहेर आलं. तो असा ओरडला की दगड हातात धरलेली माणसं जागच्या जागी थिजली.

शेवटी तडजोड झाली. वरच्या बाजूचा अर्धा पट्टा विरळ करायचा, खालच्याला कुणी हात लावायचा नाही. खाली भावाची माणसं काठ्या घेऊन पहारा करीत राहिली. बहिणीचा जबडा वाकडाच सांधला, भावाचा हात कायमचा आखडला.

पुढचा पावसाळा कोरडा गेला. खालची झाडं उभ्याउभ्या वाळली. मग वादळ आलं आणि ती कडाकडा मोडून एकमेकांवर कोसळली. शेवटच्या घराचं छत फोडून एक बुंधा आत घुसला आणि चुलीपाशी बसलेली म्हातारी जागीच गेली. दारादारांत वाळू गुडघाभर साचली. वरच्या पट्ट्याची पानं झडली, पण झाडं उभी राहिली.

म्हातारीला पुरून आल्यावर भाऊ बहिणीच्या दारात आला.

"खालच्या बाजूला काय लावायचं?"

"झुडपं. लांब लांब. वाळू धरतील आणि पाणी थोडंच मागतील."

"माझा हात मोडलास तू."

"तू माझं तोंड फोडलंस."

"म्हातारी माझ्यापायी गेली," तो म्हणाला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. तिने त्याची मान धरून त्याला खाली दाबलं. तो शांत होईपर्यंत सोडलं नाही.

ती झुडपं त्याने एका हाताने लावली. खालच्या बाजूची वाळू थांबायला बरीच वर्षं गेली. तो तिच्याच टोळीत राबला, पण तिला ताई म्हणणं त्याने सोडलं, इतरांसारखं 'मुकादम' म्हणायला लागला. वाकड्या तोंडाने घास चावताना तिला होणाऱ्या वेदना परवडल्या. त्याच्या तोंडून 'मुकादम' ऐकणं मात्र तिला कधीच सोसलं नाही.