आबाजींचं वावर आणि माझं व्याकरण

न बोलणाऱ्या माणसाकडून घोटाळा होत नाही, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं! लग्नाला अडीच महिने झाले होते. चिपळूणहून थेट वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात आलेली मी, तोंड मिटून अगदी सुखात होते. मग मी एक शब्द लिहिला. एकच!

माझे आजेसासरे, आबाजी, कितीतरी वर्षं खासदार होते. त्यांच्या आठवणी दर रविवारी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरलं. लिहिणार कोण? एम. ए. मराठी झालेली सूनबाई!

मला कुतूहल भारी. विचारलं, "आबाजी, दिल्लीत सगळ्यात जास्त काय केलं?"

"बसलो वं पोरी! बोलाचा नंबर लागेपर्यंत बसा, मंत्र्याच्या दारात बसा. कायदे हात वर करून झाले, गावचे कामं मात्र बसूनच झाले."

मी भराभर लिहीत होते. ते पुढे म्हणाले, "इतके वर्सं दिल्लीत काढले, पण वावर नाई सोडलं. यंदा गुडघ्यानं जवाब देल्ला, तवा वावर मोठ्याच्या हवाली केलं. आता तोच पाह्यते."

वावर 'सोडलं'? मी मनात हसले. वावर म्हणजे माणसांत उठणं-बसणं. तो वावर! आबाजींचं व्याकरण जरा सैल, दुसरं काय? मी मोठ्या मनानं सुधारलं: 'मी सार्वजनिक वावर कधी सोडला नाही. यंदा मात्र तो थोरल्या मुलाच्या हवाली केला आहे.'

आणि पाठवलं.

आता थोरला मुलगा म्हणजे माझे सासरे. राजकारणाचा विषय निघाला की गोठ्यात जाऊन बसणारा माणूस! आणि धाकटे काकाजी? वीस वर्षं आबाजींच्या फायली सांभाळत तिकिटाची वाट पाहत होते.

अर्ध्या तासात आबाजींच्या राजकीय वारसाचं अभिनंदन करायला अंगणात माणसं हजर, हारांसकट! सासरे बनियनवर, गळ्यात तीन हार. "पण काहून? मी काय केलं?" आवाज रडवेला.

तेवढ्यात काकाजी दारातूनच कडाडले, "दादा, मले सांगाले तोंड नव्हतं का तुले? आजपासून तुह्या घरचं पाणीबी पेणार नाई!"

आणि मी? दाराआड, मोबाईल छातीशी धरून.

आबाजींनी फोन मागवला. चष्मा लावून दोनदा वाचलं. "सूनबाई, हे 'सार्वजनिक' कुठून आलं?"

"तुम्हीच म्हणालात ना... वावर..."

"अवं माय! वावर म्हंजे शेत! तूर पेरतो थे वावर!"

म्हणजे बघा, घरातले रोज सकाळी "वावरात चाललो" म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, काय समाजात मिसळणारी माणसं आहेत ही!

हे ऐकून काकाजी जे हसत सुटले! भावाच्या गळ्यातला एक हार काढून त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला आणि ओसरीवर बसकण मारली.

"पाणी आन वं सूनबाई. याच घरचं आन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात खुरपं ठेवलं. "चाल, तुले वावर दाखवतो."

तेव्हापासून मी रोज तुरीत निंदण करते. सध्या माझा सार्वजनिक वावर वावरापुरताच आहे.